संयुक्त ‘मानापमान’ : तिकीटबारीवरून राष्ट्रकार्याला

तिकीटविक्रीचे उत्पन्न एखाद्या व्यक्तीला, संस्थेला किंवा निधीला देण्यासाठी केलेला नाट्यप्रयोग म्हणजे मदतीचा प्रयोग. गोव्यात देवस्थानच्या उत्सवातील नाटक बहुधा विनातिकीट असते. मदतीचा प्रयोग मात्र तिकीटबारीवरच उभा राहतो. अठराव्या शतकात लंडनच्या नाट्यगृहांत नटासाठी अशी एखादी रात्र राखून ठेवत आणि नाट्यगृहाचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्याच्या हाती पडे. पुढे रुग्णालये, अनाथ, दुष्काळग्रस्त अशांसाठीही ही रीत वापरली गेली.

मराठी रंगभूमीवरील तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण ८ जुलै १९२१ चे. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या नावे स्वराज्य फंड उभारण्यात आला. ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचे महात्मा गांधींचे आवाहन होते. ती मुदत उलटून आठवडा झाला असतानाच मुंबईच्या बालीवाला थिएटरात या फंडासाठी ‘संगीत मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले, तर ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोघेही आपापल्या मंडळीचे सर्वस्व आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी. प्रेक्षकांतही दोघांचे पक्ष पडलेले. एरवी दोघांना एका रंगमंचावर पाहणे अशक्यच. त्यामुळे या प्रयोगाचे मोल निव्वळ नाटकाच्या तिकिटाहून कितीतरी अधिक होते.

नाटकाची निवडही लक्षणीय म्हणावी लागेल. ‘मानापमान’चे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी. त्यांच्या ‘कीचकवध’वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण कीचकाच्या आडून लॉर्ड कर्झनवर रोख होता. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’मध्ये तसे काहीच नाही. श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला झिडकारणारी भामिनी अखेर त्याच्या पराक्रमापुढे नमते, एवढीच कथा. गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या चालींनी हे नाटक तोवर घरोघरी पोहोचले होते. संहितेत आक्षेपार्ह असे एक अक्षरही नव्हते. राजकारण होते ते गल्ल्यात. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा रोख नाटकातील मजकुरावर होता, जमलेला पैसा कुठे जातो यावर नव्हे.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे विषमज्वराने निधन झाले. ते अवघे ३१ वर्षांचे होते. ललितकलादर्शची धुरा पुढे बापूराव पेंढारकरांनी वाहिली.