खाणकामगाराचा पुत्र : वोयचेख कोरफांती

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचा देश नव्हता. प्रशिया, रशिया व ऑस्ट्रिया ह्या तीन सत्तांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे लचके तोडून घेतले होते. वरचा सायलेशिया हा कोळशाने समृद्ध प्रांत तर त्याच्याही कित्येक शतके आधी पोलंडपासून दुरावला होता. तेथील खाणींचे व पोलादाच्या भट्ट्यांचे मालक बहुतांशी जर्मन. जमिनीच्या पोटात उतरणारा मजूर मात्र प्रामुख्याने पोलिश बोलणारा आणि कॅथलिक. ह्या मजूरवर्गातून वर आलेले, अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन आपल्या प्रांताचे पुढारी झालेले वोयचेख कोरफांती ह्यांचे चरित्र आपणा श्रद्धावंतांपुढे एक अवघड प्रश्न ठेवते. ज्यांच्यावर आपली निष्ठा आहे त्यांनीच आपल्याला दूर लोटले, तर त्या निष्ठेचे काय करावे?

कोरफांती ह्यांचा जन्म २० एप्रिल १८७३ रोजी कातोवित्सेजवळच्या एका खाणवस्तीत झाला. वडील खाणकामगार होते. १८९५ साली राष्ट्रीय विचारांच्या प्रचारामुळे व बिस्मार्कवरील टीकेमुळे त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. तरीही शिक्षण थांबले नाही. ब्रेस्लाऊ विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान, कायदा व अर्थशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. पोप लिओ तेरावे ह्यांचे मजुरांच्या हक्कांविषयीचे परिपत्रक १८९१ साली प्रसिद्ध झाले होते. मजुराला न्याय्य वेतन मिळणे हा दयेचा नव्हे तर न्यायाचा विषय आहे, ही त्यातील शिकवण पुढे कोरफांती ह्यांच्या ख्रिस्ती लोकशाहीवादी राजकारणाचा पाया ठरली.

त्या काळी सायलेशियातील कॅथलिक मते सेंटर पक्षाला मिळत. बिस्मार्कने ख्रिस्तसभेचा छळ मांडला तेव्हा ह्याच पक्षाने तिची बाजू लढवली होती. परंतु पोलिश भाषेच्या हक्कांसाठी हा पक्ष पुरेसा झटत नाही, असे कोरफांती ह्यांचे म्हणणे होते. १९०१ साली व्झेश्निया गावच्या शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मन भाषेत उत्तरे देण्यास नकार दिल्याबद्दल पोलिश मुलांना छड्यांचा मार खावा लागला होता. आईने ज्या भाषेत प्रार्थना शिकवली ती भाषा हिरावून घेतली तर श्रद्धेचे मूळच उखडले जाईल, ही भीती घरोघरी होती. कोरफांती ह्यांनी वृत्तपत्रातून लेखणी चालवली व त्यापायी १९०२ साली तुरुंगवास भोगला. १९०३ साली सेंटर पक्षाच्या उमेदवाराला हरवून ते जर्मन संसदेत गेले.

ह्या विजयाची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांनी धर्मगुरूंवर केलेल्या टीकेमुळे बितोममधील धर्मगुरूंनी त्यांचा विवाह लावण्यास नकार दिला आणि त्यांना क्राकूवला जाऊन विवाह करावा लागला. तरीही त्यांनी ख्रिस्तसभेकडे पाठ फिरवली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. वरचा सायलेशिया कोणाकडे जावा, ह्यासाठी २० मार्च १९२१ रोजी सार्वमत घेण्यात आले. पोलंडच्या बाजूची सारी सूत्रे कोरफांती ह्यांच्या हाती होती. सुमारे ६० टक्के मते जर्मनीच्या बाजूने पडली. त्यांत प्रांताबाहेर स्थायिक झालेल्या, पण तेथे जन्मलेल्या लोकांचीही मते होती. पोलिश बोलणाऱ्यांपैकीही अनेकांनी जर्मनीला पसंती दिली होती. मे महिन्यात तिसरा उठाव झाला आणि त्याचे नेतृत्व कोरफांती ह्यांनी केले. परंतु रक्तपात लांबवण्याची त्यांची इच्छा नव्हती. शस्त्राचा दबाव आणून वाटाघाटी कराव्यात, हे त्यांचे धोरण काही अधिकाऱ्यांना रुचले नाही. अखेर ऑक्टोबर १९२१ मध्ये प्रांताची फाळणी ठरली. पोलंडला भूभाग एक-तृतीयांशाहून कमी मिळाला; पण ६७ कोळसाखाणींपैकी ५३ त्याच्या वाट्याला आल्या.

पोलंडच्या संसदेने १५ जुलै १९२० च्या कायद्यान्वये ह्या प्रांताला स्वतःचे विधिमंडळ व स्वतःचा खजिना देऊ केला होता. कोरफांती ह्या स्वायत्ततेचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९२३ साली ते अल्पकाळ देशाचे उपपंतप्रधान झाले. १९२४ साली त्यांनी कातोवित्से येथे ‘पोलोनिया’ हे दैनिक सुरू केले. त्यांचे सार्वजनिक जीवन निष्कलंक होते असे मात्र म्हणता येत नाही. उद्योगपतींकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९२७ साली संसदीय न्यायमंडळाने त्यांच्या काही व्यवहारांवर ठपका ठेवला.

१९२६ साली पिल्सुद्स्की ह्यांनी लष्करी बळावर सत्ता घेतल्यावर दिवस पालटले. प्रांताचे नवे राज्यपाल ग्राझिन्स्की हे उठावाच्या वेळी कोरफांती ह्यांच्या धोरणाला विरोध करणाऱ्यांपैकीच होते. सप्टेंबर १९३० मध्ये सायलेशियाचे विधिमंडळ बरखास्त झाले आणि कोरफांती ह्यांना अटक करून ब्रेस्तच्या किल्ल्यात डांबण्यात आले. ज्या राष्ट्राला त्यांनी प्रांत जोडून दिला, त्याच राष्ट्राच्या कोठडीत त्यांना अपमान व हाल सोसावे लागले. १९३५ साली ते चेकोस्लोव्हाकियात परागंदा झाले. १९३८ साली पुत्र वारला तेव्हा अंत्यविधीसाठीही त्यांना मायदेशी येऊ दिले नाही.

एप्रिल १९३९ मध्ये हिटलरचे संकट दाराशी येताच ते परतले. देशाने त्यांचे स्वागत पुन्हा अटकेने केले. जुलैमध्ये सुटका झाली ती प्रकृती पार ढासळल्यावर. १७ ऑगस्ट १९३९ रोजी वॉर्सा येथे त्यांचे निधन झाले. कातोवित्सेत त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. दोनच आठवड्यांनी युद्धाचा वणवा पेटला.

१९९९ साली कातोवित्सेत आणि २०१९ साली वॉर्सात त्यांचे पुतळे उभारले गेले. पुतळे उशिरा उभे राहतात. माणसाला मात्र आपला निर्णय हयातीतच घ्यावा लागतो. धर्मगुरूंशी मतभेद झाले म्हणून कोरफांती ह्यांनी धर्म सोडला नाही आणि राज्यकर्त्यांनी छळले म्हणून देश सोडून दिला नाही. अधिकाऱ्याच्या चुकीला चूक म्हणण्याचे धैर्य आणि तरीही आपल्या माणसांत राहण्याची चिकाटी, ह्या दोन्ही गोष्टी एकाच हृदयात नांदू शकतात. खाणकामगाराच्या ह्या पुत्राने आपल्यामागे ठेवलेली खरी ठेव हीच होय.