नागपाडा ते मानखुर्द : एका मोहल्ल्यातील समाजकार्याचा इतिहास

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली आणि शहराच्या कारभाऱ्यांना दाट लोकवस्तीकडे पाहणे भाग पडले. त्यातूनच १८९८ मध्ये मुंबई सुधारणा मंडळाची, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. अस्वच्छ वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि हवा-उजेड येईल अशी घरे बांधणे, ही या मंडळाची उद्दिष्टे होती. त्याच्या आरंभीच्या योजनांत नागपाड्याचा समावेश होता. रस्ते झाले, चौकोनी भूखंड पडले. परंतु पाडण्याचे काम जेवढ्या वेगाने झाले तेवढ्या वेगाने बांधण्याचे झाले नाही. घर गमावलेली कुटुंबे शेजारच्या गल्लीतील आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. वस्ती म्हणजे केवळ भिंती व छपरे नव्हेत, तेथे राहणाऱ्या माणसांचे परस्परसंबंध म्हणजे वस्ती, हा विचार त्या काळच्या अभियंत्यांच्या आराखड्यात नव्हता.

तो विचार अन्य मार्गांनी मुंबईत येत होता. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये सेवासदन स्थापन केले. भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची उभारणी करून कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने चालविले. पाश्चात्त्य देशांत याच सुमारास ‘सेटलमेंट’ चळवळ भरात होती. सुशिक्षित स्त्री-पुरुषांनी गरीब वस्तीत स्वतः राहायला जावे आणि शेजारी म्हणून काम करावे, ही तिची मूळ कल्पना. लंडनचे टॉयनबी हॉल (१८८४) आणि शिकागोचे हल हाऊस (१८८९) ही तिची दोन प्रसिद्ध केंद्रे. हल हाऊसच्या संस्थापिका जेन ॲडम्स यांना पुढे १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिकागोत शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आले. हे मिशन १८१३ पासून या शहरात कार्यरत होते. तथापि मॅनशार्ट यांनी प्रवचनापेक्षा शेजारधर्माला अधिक महत्त्व दिले. १९२६ मध्ये त्यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती आणि बगदादी ज्यू अशी संमिश्र वस्ती, लगतच कामाठीपुऱ्याची बदनाम गल्ली आणि चोहोबाजूंनी गिरण्या-कारखाने, अशा ठिकाणी या संस्थेने वाचनालय, बालवर्ग, आरोग्य केंद्र, व्याख्याने आणि क्रीडांगण यांची सोय केली. येथील बास्केटबॉलच्या मैदानाचा उल्लेख टाळता येण्यासारखा नाही. याच मोहल्ल्यात वाढलेले आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून हा खेळ शिकलेले अब्बास मुंतसिर पुढे भारतीय संघाचे कर्णधार झाले व १९७० मध्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. गरीब वस्तीतील मुलांना एक मोकळे मैदान मिळाल्याने काय घडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

मॅनशार्ट यांना लवकरच एक उणीव जाणवली. सेवाभाव असलेले कार्यकर्ते मिळत, परंतु प्रशिक्षित कार्यकर्ते मिळत नसत. सर दोराबजी टाटा यांच्या १९३२ मधील निधनानंतर त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीपुढे मॅनशार्ट यांनी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्थेची योजना मांडली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था नागपाडा नेबरहूड हाऊसच्याच वास्तूत सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले व १९५४ मध्ये ती देवनार येथे स्थलांतरित झाली. भारतातील व्यावसायिक समाजकार्याच्या शिक्षणाचा आरंभ एका गजबजलेल्या मोहल्ल्यात झाला, ही बाब आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

पुढील तीन-चार दशकांत मोहल्ल्याचे रूप पालटले. बिहार, महाराष्ट्राचे दुष्काळी जिल्हे, आंध्र, तामिळनाडू येथून पोटासाठी आलेली कुटुंबे भायखळा-नागपाड्याच्या पदपथांवर बांबू आणि प्लास्टिकच्या आडोशाने राहू लागली. नेबरहूड हाऊसची दारे त्यांना बंद नव्हती. पण या कुटुंबांची मूळ अडचण दवाखान्याची वा बालवर्गाची नव्हतीच. महानगरपालिकेची गाडी येई, आडोसा मोडून भांडीकुंडी उचलून नेई आणि सायंकाळपर्यंत त्याच जागी नवा आडोसा उभा राही. शिबिरे आणि मदतवाटप यांना या चक्रावर उपाय सापडला नाही. १९७६ मध्ये राज्य शासनाने झोपडपट्ट्यांची गणना केली तेव्हाही पदपथांवरील बहुसंख्य कुटुंबे तिच्याबाहेरच राहिली. सरकारी कागदावर ती नव्हतीच.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना शहराबाहेर पाठविण्याचा आदेश दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात दाद मागितली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात स्पष्टपणे मान्य करण्यात आले. हे वाक्य कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत अजरामर झाले. मात्र त्याच निकालाने योग्य सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही महापालिकेला दिली. निकालाच्या पहिल्या भागाचा गौरव जेवढा झाला, तेवढी दुसऱ्या भागाची चर्चा झाली नाही. पदपथावरील बाईला मात्र दुसराच भाग आधी समजला. पावसाळा संपला की गाडी येणार.

या पार्श्वभूमीवर नागपाडा नेबरहूड हाऊसशी संबंधित काही कार्यकर्त्यांनी वेगळा मार्ग पत्करला. टाटा संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या शीला पटेल यांचा त्यांत पुढाकार होता. १९८४ मध्ये या मंडळींनी ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली. भायखळ्यातील महापालिकेच्या दवाखान्यामागील एक गॅरेज हे तिचे कार्यालय झाले. कोणीही यावे, बसावे, बोलावे, अशी ती जागा होती.

न्यायालयाचा निकाल लागल्यावर सर्वांना मोर्चाची अपेक्षा होती. बायकांनी मोर्चा नको असे सांगितले, आणि गणती सुरू झाली. १९८५ मध्ये भायखळ्याचा प्रभाग व शहराचे काही प्रमुख रस्ते मिळून सुमारे ६,००० कुटुंबांची, म्हणजे जवळजवळ २७,००० माणसांची नोंद घेण्यात आली. ‘वुई, द इन्व्हिजिबल’ या नावाने तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरात रूढ असलेले अनेक समज त्याने खोटे ठरविले. ही माणसे आज आली आणि उद्या जाणारी नव्हती. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच जागी राहत होती. ती भिकारी नव्हती. हमाली, फेरी, घरकाम, भंगार वेचणे अशा कामांवर जगत होती. पदपथ त्यांनी निवडला होता तो कामाच्या ठिकाणी पायी जाता यावे म्हणून, कारण गाडीभाडे देण्याइतकी त्यांची मिळकत नव्हती. शासनाच्या दप्तरात जे कुटुंब नाही, त्याच्यासाठी कोणतीही योजना नाही. म्हणून गणतीचा कागद हाच हक्काचा पहिला पुरावा ठरला. गणती ज्यांची झाली त्यांनीच ती करण्यात भाग घेतला, हे तिचे खरे वेगळेपण होते.

१९८६ मध्ये या बायकांची स्वतःची संघटना ‘महिला मिलन’ या नावाने उभी राहिली. तिचा पाया होता दैनंदिन बचत. वस्तीतीलच एक बाई रोज दारोदार फिरे आणि ज्या घरातून जे मिळेल ते, एक रुपया असो वा पाच, गोळा करी. बहुतेक बायका निरक्षर. त्यामुळे प्रत्येकीच्या नावाची एक प्लास्टिकची पिशवी ठेवण्यात आली आणि जमा रकमेइतके रंगीत कागदाचे चौकोन तिच्यात टाकण्यात आले. प्रत्येक रंगाची किंमत ठरलेली होती. वहीखात्याचा हा प्रकार शिकलेल्या हिशेबनिसालाही मान्य व्हावा असा होता. आजारपण, गावाकडचा प्रवास, हातगाडीची दुरुस्ती अशा गरजांसाठी त्यातून कर्ज मिळू लागले आणि सावकाराकडे जाणारी वाट काही प्रमाणात थांबली. परंतु या योजनेचा अधिक मोठा लाभ हिशेबात दिसत नाही. रोज दारात येणारी ती बाई केवळ पैसे नेत नसे. कोणाचे मूल तापले आहे, कोणाचा नवरा कामावरून काढला गेला आहे, कोणाच्या घरात मारहाण होते आहे, हे सर्व तिला कळे, आणि तिच्यामार्फत इतरांना. शिधापत्रिकेसाठी कचेरीत जायचे तर बायका मिळून जात, पोलीस चौकीत जायचे तरी मिळून जात. कुटुंब सावरणे आणि वस्ती सावरणे ही दोन कामे निराळी नाहीत, हे येथे ज्या सहजतेने सिद्ध झाले तसे क्वचितच कोठे झाले असेल.

या कामात तिसरा भागीदार मिळाला तो जोकिन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनच्या रूपाने. कोलारच्या सुवर्णखाणींच्या परिसरातून मुंबईत आलेले अर्पुथम मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहत. अणुशक्ती प्रकल्पासाठी ही सुमारे ७०,००० लोकांची वसाहत आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, पाडण्यात आली आणि रहिवाशांना चित्ता कॅम्पात हलविण्यात आले. मोर्चे आणि न्यायालये या दोन्ही मार्गांचा अनुभव घेतलेल्या या नेत्याला केवळ विरोधाच्या मर्यादा कळल्या होत्या. त्यांची संघटना १९७४ पासूनची; तिचे नेतृत्व मुख्यत्वे पुरुषांकडे होते. महिला मिलनच्या सहवासात ते चित्र हळूहळू बदलले. अर्पुथम यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

घर मिळण्याची काहीच चिन्हे नसताना महिला मिलनच्या बायकांनी घराचा आराखडा करण्यास प्रारंभ केला, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल. शहरातील मोकळ्या जागा त्यांनी फिरून पाहिल्या. साड्यांच्या लांबीने खोल्या मोजल्या. पुठ्ठ्याचे नमुने केले, नंतर १९८७ मध्ये भायखळ्यात पूर्ण आकाराची नमुना घरे उभारून प्रदर्शन भरविले आणि अधिकाऱ्यांना ते पाहण्यास बोलाविले. जागा थोडी, म्हणून छत १४ फूट उंच घेऊन आत माळा काढावा, असा त्यांचा आग्रह होता. शौचालय घरात नको, काही कुटुंबांत मिळून बाहेर असावे, असेही त्यांचे मत पडले. वास्तुविशारदांना यांपैकी काही गोष्टी पटल्या नाहीत. पण दहा बाय दहाच्या आडोशात सहा माणसांचा संसार करणाऱ्या बाईला जागेचे गणित शिकविण्याची आवश्यकता कोणाला होती?

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना अमलात आली आणि पात्र फुटपाथवासीयांना प्रथमच घराचा अधिकार मिळाला. मानखुर्द येथे ‘मिलन नगर’ उभे राहिले. लोहमार्गालगतच्या कुटुंबांचे पुनर्वसन हाती घेण्यात आले तेव्हा याच युतीकडे गणती व स्थलांतराचे काम सोपविण्यात आले. हजारो कुटुंबांनी आपली झोपडी स्वतः उतरवून जागा मोकळी केली. पुण्यात १९९९ नंतर आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कारकिर्दीत ४०० हून अधिक सार्वजनिक शौचालये स्वयंसेवी संस्थांकडून बांधून घेण्यात आली. त्यांपैकी बऱ्याच शौचालयांच्या कामात महिला मिलनचा वाटा होता. लहान मुलांसाठी वेगळी बैठक आणि देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबासाठी खोली, या कल्पना वस्तीतूनच आल्या. गणती आणि बचतीची ही पद्धत पुढे दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचली आणि १९९६ मध्ये झोपडवासीयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पाया घातला गेला.

हा प्रवास निर्वेध नव्हता. शासन, जागतिक बँक आणि वस्ती यांच्यामध्ये उभी असलेली संस्था नेमकी कोणाच्या बाजूची, असा प्रश्न विचारला जाणे अपरिहार्य होते. मुंबईच्या रस्ते प्रकल्पात विस्थापित होणाऱ्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपास मंडळाकडे तक्रारी केल्या. मंडळाच्या २००५ च्या अहवालात पुनर्वसनातील गंभीर उणिवा नोंदविल्या गेल्या आणि २००६ मध्ये बँकेने काही महिने निधी रोखून धरला. ज्यांची गणती झाली त्यांना घर मिळाले. ज्यांचे नाव एखाद्या कागदावर नव्हते ते पुन्हा बाहेर राहिले. गणतीचे शस्त्र दोन्ही बाजूंनी चालते, हे त्यातून दिसले.

नव्या घरांबाबतही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९८५ च्या अहवालाने सांगितले होते की ही माणसे पदपथावर राहतात ती काम पायी जाण्याच्या अंतरावर असावे म्हणून. पक्के घर मिळाले ते मानखुर्दला, हार्बर मार्गावर दूर. पक्क्या भिंती, नळ आणि शिधापत्रिकेवरचा कायमचा पत्ता घेऊन राहू लागलेल्या अनेक बायकांना सकाळी भायखळ्याची जुनी घरकामे गाठण्यासाठी लोकल पकडावी लागली. काहींनी ती कामे सोडून वस्तीतच शिवणकाम वा भाजीची टोपली पत्करली, आणि महिला मिलनची बचत गोळा करणारी बाई मोहल्ल्याच्या गल्लीऐवजी सात मजल्यांचे जिने चढू लागली.