कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि भुलीची निवड

शस्त्रक्रियेने गाठ पूर्णपणे काढली, तरी काही रुग्णांमध्ये कर्करोग काही वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो. गाठ हाताळली जात असताना काही पेशी रक्तात उतरतात, तर शस्त्रक्रियेच्या ताणामुळे शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते. त्यामुळे हे मोजके तास रुग्णाच्या भवितव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जातात. या तासांत दिली जाणारी भूल केवळ वेदना थांबवते, की रोगाच्या पुढील वाटचालीवरही परिणाम करते, हा प्रश्न गेली दोन दशके वैद्यकविश्वात चर्चिला जात आहे. त्याचे एक लक्षवेधी उत्तर पुण्यापासून जवळच, मुंबईतील परळच्या टाटा स्मारक केंद्रातून आले आहे.

आशा आणि निराशा

या चर्चेला वेग आला तो 2006 मध्ये. डब्लिनमधील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या 129 रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. संपूर्ण भुलीच्या जोडीला पाठीच्या मणक्यांलगत बधिरतेचे औषध दिलेल्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. पुढे नाकावाटे दिल्या जाणाऱ्या वायुरूप भुलीपेक्षा शिरेतून दिले जाणारे प्रोपोफॉल बरे, असेही काही रुग्णालयांच्या नोंदींवरून सुचवण्यात आले. मात्र जुन्या नोंदींना एक मर्यादा असते. कोणत्या रुग्णाला कोणती भूल द्यायची, हे बहुधा त्याच्या प्रकृतीवरून ठरलेले असते. त्यामुळे फरक भुलीमुळे पडला की मूळ प्रकृतीमुळे, हे सांगता येत नाही.

म्हणून रुग्णांची दैवगतीने दोन गटांत विभागणी करून चाचणी घेण्यात आली. 2019 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत अनेक देशांतील 2108 स्त्रियांचा अभ्यास होता. एका गटास मणक्यांलगतचे बधिरीकरण व प्रोपोफॉल, तर दुसऱ्यास सेव्होफ्लुरेन हा वायू व अफूवर्गीय वेदनाशामके देण्यात आली. दोन्ही गटांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे 10 टक्केच राहिले. पूर्वीच्या आशेला या निष्कर्षाने धक्का बसला.

परळचा प्रयोग

डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. संपूर्ण भूल बदलण्याऐवजी त्यांनी गाठीभोवतीच्या जागेकडे लक्ष दिले. दात काढताना हिरडीत दिले जाणारे लिडोकेन, म्हणजे आपल्याकडे लिग्नोकेन वा झायलोकेन या नावांनी परिचित असलेले औषध, त्यांनी निवडले. नेहमीची संपूर्ण भूल दिल्यानंतर, गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे, तिच्या सर्व बाजूंनी 0.5 टक्के लिडोकेन टोचण्यात आले. पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग हे औषध रोखते. कर्करोगाच्या पेशींच्या हालचालीतही या मार्गांचा वाटा असल्याने त्यांचा प्रसार थोपवता येईल, अशी यामागील कल्पना होती.

देशातील 11 केंद्रांत 1600 स्त्रियांवर ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिस येथील युरोपीय कर्करोग परिषदेत मांडले गेले व 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. लिडोकेन दिलेल्या गटात पाच वर्षांनी 90.1 टक्के स्त्रिया हयात होत्या, तर न दिलेल्या गटात 86.4 टक्के. रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 86.6 व 82.6 टक्के होते. म्हणजे शंभर स्त्रियांमागे सुमारे चार जणींचा अधिक लाभ. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांहूनही कमी आहे आणि औषधाचे दुष्परिणाम आढळले नाहीत.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात

ही चाचणी स्तनाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगापुरती आणि आधी केमोथेरपी न घेता थेट शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपुरती होती. इतर अवयवांच्या कर्करोगास हा निष्कर्ष तसाच लावता येणार नाही. दुसऱ्या गटास केवळ पाण्याचे इंजेक्शन देऊन तुलना केलेली नव्हती. त्यामुळे अन्यत्र असाच निष्कर्ष निघतो का, हे पाहणे आवश्यक आहे.

रुग्णांनी काय करावे?

भुलीचा प्रकार निवडण्याच्या विचारात शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. हृदय, फुप्फुसे, मधुमेह, पूर्वीची औषधे व ॲलर्जी यांची पूर्ण माहिती भूलतज्ज्ञांना द्यावी. रुग्णासाठी सुरक्षित भूल कोणती, हे त्यावरूनच ठरते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली असल्यास गाठीभोवती लिडोकेन देणे आपल्याबाबतीत योग्य ठरेल का, हे शल्यविशारदांना निःसंकोच विचारावे. हे औषध शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपी, किरणोपचार वा गोळ्यांना पर्याय नाही, तर त्यांच्या जोडीला घेतलेली अल्पखर्चाची खबरदारी आहे. पुढील उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण करणे हेच दीर्घायुष्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.