साम्राज्याची कोठारे आणि सालीखालचा भुंगेरा

#इतिहास #थ्रेड

(१)
इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा उत्तरार्ध. ब्रिटनच्या उत्तरेस, आजच्या यॉर्क शहरात, ऊझ नदीच्या काठी रोमनांनी एक लाकडी धान्यकोठार उभारले. काही काळातच ते त्यांना स्वतःच मोडावे लागले. जागेवर चिकणमातीचा जाड थर पसरला गेला आणि त्या थरावर नवे कोठार बांधले गेले.

(२)
१९७० च्या दशकात कोनी स्ट्रीट येथे उत्खनन झाले, तेव्हा त्या मातीखाली काळपट कुजक्या द्रव्याचा एक पातळ थर सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला असता त्यात धान्यकिडींच्या अवशेषांची अक्षरशः रेलचेल आढळली. किडीने ग्रासलेले कोठार रोमनांनी जिवंत गाडले होते, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

(३)
या अवशेषांत धान्याचा सोंडकिडा होता, पण त्याच्याबरोबर आणखी दोन चपटे भुंगेरे मोठ्या संख्येने होते. एकाचे शास्त्रीय नाव ओरायझीफिलस सुरिनामेन्सिस. त्याच्या छातीच्या दोन्ही कडांना करवतीसारखे सहा-सहा दाते असतात. दुसरा क्रिप्टोलेस्टिस फेरुजिनियस. तांबूस रंगाचा, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा.

(४)
हे दोघेही मूळचे कोठारातले नव्हेत. त्यांचे कूळ झाडाच्या सालीखाली राहणाऱ्या चपट्या भुंगेऱ्यांचे. साल आणि खोड यांच्यामधल्या फटीत बुरशी व बारीक जीव खाऊन जगणाऱ्यांना चपटे शरीर उपयोगाचे. माणसाने धान्याची रास घातली, तेव्हा दाण्यांमधल्या फटी त्यांना सालीखालच्या फटींसारख्याच ठरल्या.

(५)
अखंड, निरोगी दाणा फोडण्याची ताकद या दोघांत नसते. मळणीत तडकलेला किंवा सोंडकिड्याने पोखरलेला दाणा त्यांना लागतो. तांबूस भुंगेऱ्याची अळी अशा दाण्याच्या अंकुरभागात शिरते. मात्र ऊब मिळाली, तर त्यांची संख्या एका महिन्यात पन्नास-साठ पटींपर्यंत वाढू शकते. किडीच्या श्वसनाने रास तापते, ओलावा सुटतो, बुरशी धरते.

(६)
म्हणजेच या किडीला तीन गोष्टी हव्यात: मोठी रास, खेळती हवा आणि एका राशीतून दुसऱ्या राशीत नेणारा वाहक. ब्रिटनच्या थंड हवेत तर राशीच्या उबेवाचून तिचा निभाव लागणे कठीण. दीर्घकाळ टिकणारी मोठी रास कोण घालते? शेतकऱ्याचे घर नव्हे. सैन्य पोसणारे राज्य.

(७)
पुरातत्त्वाचा पुरावा याच दिशेने बोट दाखवतो. रोमनपूर्व ब्रिटनमध्ये शेती हजारो वर्षे चालू होती. तरीही त्या काळाच्या थरांत या धान्यकिडी सापडत नाहीत. इ.स. ४३ मध्ये रोमन सैन्य उतरले. त्यानंतर अवघ्या दोन दशकांतच लंडनच्या सर्वांत जुन्या थरांत त्या दिसू लागतात. सैन्यासाठी समुद्रापलीकडून आलेल्या धान्याबरोबर त्या आल्या.

(८)
युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र त्यांची ओळख जुनी होती. उत्तर ग्रीसमधील मांदालो येथे नवाश्मयुगाच्या अखेरच्या वस्तीत करवती दात्यांचा भुंगेरा सापडला आहे. म्हणजे रोमनांनी ही कीड निर्माण केली नाही. त्यांनी तिला रस्ते, जहाजे आणि कोठारे पुरवली.

(९)
रोमनपूर्व ब्रिटनमधील लोक धान्य कसे साठवत? मोठ्या प्रमाणावर जमिनीत. हॅम्पशायरमधील डेनबरी या टेकडीकोटात दोन हजारांहून अधिक खड्डे उत्खननात मिळाले. त्यांतील बहुतेक साठवणीचे मानले जातात. खड्डा धान्याने भरायचा आणि तोंड मातीने घट्ट लिंपायचे.

(१०)
१९७० च्या दशकात पीटर रेनॉल्ड्स यांनी बटसर येथील प्रायोगिक शेतावर असे खड्डे भरून पाहिले. भिंतीलगतचे ओले दाणे अंकुरू लागतात, आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग उरलेली रास निद्रिस्त होते. हिवाळ्यानंतर उघडलेले धान्य पेरणीयोग्य निघाले. अशा हवेत कीडही जगू शकत नाही.

(११)
रोमनांना हे ठाऊक नव्हते काय? होते. इ.स.पू. ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, वारो या पंडिताने शेतीवर ग्रंथ लिहिला. कप्पादोशिया, थ्रेस आणि स्पेनच्या काही भागांतील भूमिगत साठवणीचे वर्णन त्यात आहे. जेथे हवा पोहोचत नाही तेथे धान्यकीड होत नाही आणि असा गहू पन्नास वर्षे टिकतो, असे तो नोंदवतो.

(१२)
मग सैन्याने खड्डे का खणले नाहीत? कारण खड्डा एकदा उघडला की हवा आत शिरते. धान्य लवकर संपवावे लागते. सैन्याला रोज मोजून रसद काढायची असते, हिशेब ठेवायचा असतो. म्हणून उंच जोत्याची, खालून वारा खेळवणारी कोठारे आली. टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स येथे तर एकाच किल्ल्यात वीसहून अधिक कोठारे होती.

(१३)
कोठाराने धान्य राज्याच्या हाताशी आणले. त्याच दाराने ते किडीच्याही हाताशी आले. रोमन काळातील तबेल्यांच्या खतात या भुंगेऱ्यांचे अवशेष मिळतात. किडके धान्य जनावरांपुढे टाकले जात असावे. माणसांच्या शौचकूपांतही ते मिळतात. किडके पीठ माणसांच्याही पोटात जात होते.

(१४)
पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली. त्याबरोबर कीडही नाहीशी झाली. नंतरच्या सॅक्सन आणि व्हायकिंग काळातील वस्त्यांत, अगदी त्याच यॉर्क शहरात, हजारो कीटकांचे अवशेष मिळाले. धान्यकिडींचा मात्र जवळपास मागमूस नाही. साठे लहान झाले, दूरची वाहतूक थांबली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर त्या पुन्हा दिसू लागतात.

(१५)
१७५८ मध्ये लिनिअसने करवती दात्यांच्या भुंगेऱ्याला दक्षिण अमेरिकेतील सुरिनामचे नाव दिले, कारण त्याच्यापुढचे नमुने तिथले होते. युरोपच्या कोठारांत हजारो वर्षे वावरलेला कीटक अशा रीतीने कागदोपत्री परदेशी ठरला. क्रिप्टोलेस्टिस या नावाचा अर्थ मात्र अचूक आहे: लपलेला लुटारू.

(१६)
पहिल्या महायुद्धात जहाजांच्या टंचाईमुळे ठिकठिकाणी गहू अडकून पडला आणि किडू लागला. १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने धान्यकिडींसाठी खास समिती नेमली. तिच्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ आर्थर डेंडी यांनी हवाबंद साठवणीचे प्रयोग केले. कोंडलेल्या राशीत प्राणवायू संपून कीड मरते, हे त्यांनी दाखवले. वारोने नोंदवलेले सत्य सुमारे साडेएकोणीसशे वर्षांनी प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

(१७)
तरीही विसाव्या शतकाने भर दिला तो विषारी धुरीवर. कालांतराने फॉस्फीन वायू जगभर मुख्य आधार बनला. २००७ पासून पूर्व ऑस्ट्रेलियातील कोठारांत तांबूस भुंगेऱ्याच्या अशा वंशावळी आढळल्या, ज्यांना नेहमीच्या मात्रेतले फॉस्फीन मारू शकत नाही. गळक्या कोठारांत अपुरी धुरी दिली गेली की उरतात ते चिवट. पुढची पिढी त्यांचीच.

(१८)
मराठी वाचकाला जमिनीतली साठवण परकी नाही. आपल्याकडची पेवे याच तत्त्वावर चालत: खोल खड्डा, लिंपलेले तोंड, कोंडलेली हवा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराने त्यांतील अनेक निकामी केली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मात्र भाषेत टिकून आहे.

(१९)
कीड पडली की दोष घरच्या अस्वच्छतेवर येतो. इतिहास वेगळे सांगतो. सालीखालचा हा भुंगेरा जगभर पसरला तो मोठ्या साठ्यांच्या आणि लांबच्या वाहतुकीच्या आधाराने. मोठ्या साठ्यावाचून शहरे व देश पोसता येत नाहीत, हे खरेच. म्हणून त्या साठ्याची हवा कोंडण्याचे जुने शहाणपण विसरणे परवडणारे नाही. यॉर्कच्या कोठारावर पडलेली चिकणमाती हीच त्या विसराची किंमत होती.

(समाप्त)