ताटाच्या कडेला राहिलेली भाजी

थंडीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातील एका शाळेत आम्ही गेलो होतो. दुपारी व्हरांड्यात पंगत बसली. खिचडी वाढली गेली. तिच्यात गाजर, दुधी आणि पालक होता. दहा-पंधरा मिनिटांनी पाहिले, तर बहुतेक ताटांच्या कडेला हिरव्या आणि केशरी तुकड्यांची रांग लागलेली होती. भात आणि डाळ पोटात गेली, भाजी मात्र ताटातच राहिली.

शाळा सुटल्यावर त्यांतली काही मुले आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. वाटेत हरभऱ्याचे शेत लागले. मुले बांधावर थबकली, कोवळे शेंडे खुडून तसेच कच्चे चघळू लागली. "आंबट लागतंय सर, खाऊन बघा," असे म्हणत एकाने आमच्याही हातावर मूठभर पाला ठेवला.

म्हणजे ही मुले पालेभाजी खात नाहीत, असे म्हणता येणार नाही. ताटातली खात नाहीत, शेतातली खातात. हा फरक का पडतो? मुलांनी भाजी खावी म्हणून मोठ्या माणसांनी आजवर काय काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहिले तर उत्तर बरेचसे हाती लागते.

जीभ कडू का म्हणते?

आधी मुलांची बाजू ऐकून घेऊ. १९३१ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइल थायोकार्बामाइड नावाची पूड बाटलीत भरत होते. थोडी पूड हवेत उडाली. शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना मात्र काहीच चव लागली नाही! दोघांनी मुद्दाम चाखून पाहिले, तरी तेच. पुढे अनेक लोकांवर चाचण्या झाल्या आणि ही कडू चव लागणे किंवा न लागणे आनुवंशिक असल्याचे स्पष्ट झाले. २००३ साली त्यामागचे मुख्य जनुकही सापडले. कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळातील भाज्यांमध्ये याच पुडीशी रासायनिक साम्य असलेली द्रव्ये असतात. तेव्हा एकाच ताटातली कोबीची भाजी दोन मुलांना सारखीच लागेल, असे नाही.

शिवाय निसर्गात अनेक विषारी वनस्पती कडू असतात. चालू-फिरू लागलेले मूल दिसेल ते तोंडात घालते. अशा वयात कडू आणि अनोळखी वस्तू थुंकून टाकणे हे जीव वाचवणारे वर्तन आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान नव्या पदार्थाला नकार देण्याची ही वृत्ती सर्वांत जोरकस असते. आपण तिला हट्ट म्हणतो. खरे तर तो शरीराने नेमलेला पहारेकरी आहे. त्याला रागावून उपयोग नाही. त्याची ओळख करून घ्यायला हवी.

पालक, गाजर आणि सोयीच्या कहाण्या

मोठ्यांनी योजलेला पहिला उपाय म्हणजे गोष्ट सांगणे. १९२९ साली अमेरिकेतील एका चित्रमालिकेत पॉपाय हा खलाशी अवतरला. पुढे तो पालकाचा डबा फस्त करून शत्रूला लोळवू लागला. टेक्सास राज्यातील क्रिस्टल सिटी या गावी पालक पिकवणाऱ्यांनी १९३७ साली त्याचा पुतळा उभारला. पालकात लोह फार असते म्हणून पॉपायची निवड झाली आणि ते लोहही दशांशचिन्ह चुकल्यामुळे दहापट छापले गेले होते, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वर्गात सांगितली असेल. गंमत अशी, की ही हकीकतच कच्ची आहे. २०१० साली माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने जुने कागद तपासले, तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीला आधार सापडला नाही. १९३२ सालच्या चित्रात पॉपाय स्वतः पालकाचे श्रेय लोहाला नव्हे, तर 'अ' जीवनसत्त्वाला देतो.

खरी स्थिती अशी : १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातला थोडाच भाग शरीराला मिळतो. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला, तर त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे हे प्रमाण वाढते. पालक उत्तम भाजी आहे, पण ती खाऊन दंडाची बेडकी लगेच फुगत नाही. मूल एकदा खाऊन पाहते, दंड चाचपते आणि आपल्यावरचा विश्वास गमावते.

दुसरी कहाणी दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटनमध्ये साखर, लोणी, मांस यांचे रेशनिंग होते, गाजरे मात्र भरपूर होती. अन्न खात्याने 'डॉक्टर कॅरट' नावाचे हसरे गाजर १९४१ साली पुढे आणले. आइसक्रीमऐवजी काडीला खोचलेले गाजर मुलांच्या हाती आले. जॉन कनिंगहॅम हा वैमानिक अंधारात शत्रूची विमाने टिपतो ते गाजरे खाऊन, असेही पसरवले गेले. प्रत्यक्षात त्याच्या विमानात रडार होते. गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते आणि ते कमी पडल्यास रातांधळेपणा येतो, हे खरेच आहे. पण ज्याला त्याची कमतरता नाही, त्याची दृष्टी गाजराने अधिक तीक्ष्ण होत नाही. तरीही या मोहिमेत एक शहाणपण होते. गाजर औषध म्हणून पुढे आले नाही, खाऊ म्हणून आले. शिवाय शाळांच्या आवारांत आणि बागांमध्ये भाज्या पिकवण्यात मुलांचाही हात लागला.

आमिष आणि सोबत

कहाण्यांपेक्षा प्रयोगांनी अधिक शिकवले. क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२० च्या दशकात एक धाडसी प्रयोग सुरू केला. नुकत्याच दूध सोडू लागलेल्या बाळांपुढे धान्ये, भाज्या, फळे, मांस, दूध असे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले जात. शेजारी बसलेल्या परिचारिकेने काहीही सुचवायचे नाही, आग्रह करायचा नाही, नाक मुरडायचे नाही. बाळ ज्या वाटीकडे हात नेईल, त्यातलाच घास द्यायचा. १९३९ साली त्यांनी १५ मुलांचे निष्कर्ष मांडले. प्रत्येकाची आवड वेगळी, पण सगळी मुले चांगली वाढली. मुडदूस असलेल्या एका मुलाने बरे होईपर्यंत आपणहून कॉड माशाचे तेल घेतले. अर्थात यात एक मेख होती आणि ती डेव्हिसबाईंनीच दाखवून दिली. मुलांपुढे ठेवलेले सगळेच पदार्थ साधे व सकस होते. गोळ्या-बिस्किटे त्यांत नव्हतीच. पदार्थ मोठ्यांनी निवडायचे, त्यांतून घास मुलाने निवडायचा, अशी ती वाटणी होती.

पुढे लीन बर्च यांनी इलिनॉय विद्यापीठात बालवाडीतील मुलांचा अभ्यास केला. १९८० सालच्या त्यांच्या प्रयोगात एखादी भाजी नावडणाऱ्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर चार दिवस जेवायला बसवले. कोणी काही सांगितले नाही, तरी मुलाची निवड बदलू लागली. नंतरच्या प्रयोगांतून आणखी दोन गोष्टी दिसल्या. नवा पदार्थ आवडायला तो अनेकदा, बहुधा आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक, चाखावा लागतो. नुसता पाहून भागत नाही. आणि "हे खाल्लेस तर ते देईन" असे आमिष दाखवले, की ज्यासाठी आमिष दाखवले तोच पदार्थ पुढे अधिक नावडता होतो. मुलाचा तर्क सरळ असतो : बक्षीस द्यावे लागते, त्या अर्थी ही वस्तू वाईटच असणार!

आपण घरी काय करतो? दोन-तीनदा भाजी वाढतो, नकार मिळाला की "याला आवडत नाही" असा शिक्का मारतो, नाहीतर गोळीचे आमिष दाखवतो. म्हणजे नेमके उलट.

वर्धा, परभणी, हिंगोली

आता आपल्याकडे वळू. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची कल्पना तेथे मांडली गेली. हाताने केलेल्या कामातून शिक्षण, हा तिचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत मुले भाजी पिकवीत आणि स्वयंपाकातही हात लावीत. रोज ज्या वाफ्याला पाणी घातले, त्या वाफ्यातली भाजी ताटात आल्यावर अनोळखी कशी राहील?

हिंगोलीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो परभणी जिल्ह्यात मोडत असे आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. याच परभणीत १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्या भाजीला सहसा कोणतेही मूल नाही म्हणत नाही, त्या भेंडीच्या इतिहासात या विद्यापीठाचे नाव आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणुजन्य रोग कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी १९२४ साली मुंबई इलाख्यातून नोंदवला होता. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या रोगाने बागाच्या बागा जात. परभणीच्या संशोधकांनी 'पुसा सावनी' या वाणाचा भेंडीच्या एका वेगळ्या जातीशी संकर करून रोगाला तोंड देणारा वाण काढला. १९८५ साली प्रसारित झालेला हा वाण म्हणजे 'परभणी क्रांती'. तो देशभर पोचला. पुढे रोगापुढे त्याची ताकद काहीशी ओसरली, तरी आपल्या मुलांच्या ताटातली भेंडी अशा चिकाटीतून आली आहे, हे त्यांना सांगण्याजोगे आहे.

शाळेतल्या जेवणाची वाटही लांबची आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मुलांच्या हाती सुकडी आली. तेव्हा प्रश्न पोट भरण्याचा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर तांदळाची खिचडी झाली. आजच्या निकषानुसार प्राथमिक वर्गातील मुलाला रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. २०१९ साली शाळांच्या परसबागांसाठी केंद्राने मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

कागदावरची ही भाजी मुलाच्या पोटात जाते की नाही, यावर बरेच अवलंबून आहे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. हीच मुले पुढे आपल्या वर्गात येतात. रक्तक्षय केवळ भाजीने हटणार नाही, पण भाजीवाचून त्यांचा आहार पुरा होणार नाही, हेही तितकेच खरे.

वर्गात करून पाहा

या इतिहासातून शाळेपुरते चार उपाय निघतात. पैसे फारसे लागत नाहीत.

एक, चाखण्याची वही. एकच भाजी निवडा. एक दिवसाआड नखाएवढा घास, असे दहा वेळा. नको वाटल्यास थुंकण्याची मुभा हवी. बक्षीस नाही, रागावणे नाही. प्रत्येक वेळी मुलाने आवडीला शून्य ते पाच गुण द्यावेत आणि शेवटी आलेख काढावा. गणित आणि विज्ञान दोन्ही साधतात.

दोन, पंगतीची जागा. आवडीने खाणारी मुले आणि नाक मुरडणारी मुले एकत्र बसू द्या. शिक्षकानेही पंगतीत बसून तीच भाजी खावी.

तीन, मेथीचा वाफा. हातपंपाच्या सांडपाण्यावरही मेथी वाढते. तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत काढणीला येते. मुलांचा धीर सुटण्याआधी पीक हाती येते. मग कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट-मीठ आणि तेल घालून घोळाणा करावा. स्वच्छ धुतलेली मेथी चिरण्यापासून सगळे काम मुलांचे.

चार, आजीची यादी. तरोटा, कुर्डू, घोळ, चिवळ, पाथरी, अंबाडी, करडईची कोवळी पाने. यांतल्या किती भाज्या मुलांना ओळखता येतात? कळमनुरी आणि औंढा भागातील आंध समाजाच्या वडीलधाऱ्यांकडे तर रानभाज्यांचे मोठे ज्ञान आहे. मुलांनी विचारून नावे, हंगाम आणि कृती लिहून आणावी. अनोळखी वनस्पती मात्र जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय तोंडात घालू नये.

आपल्या सणांनी हेच केले होते. भोगीला सोलाणे, वांगी, गाजर, शेंगा, बोरे, तीळ एकत्र शिजतात आणि बाजरीच्या भाकरीबरोबर सगळे घर तेच खाते. ऋषिपंचमीची भाजीही तशीच. दरवर्षी तीच चव, सर्वांबरोबर आणि कसलेही आमिष नाही.

पुन्हा हरभऱ्याच्या शेताकडे येऊ. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते. तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल स्रवते. शेतकरी त्याला आंब म्हणतात. पहाटेच्या दवात पिकावरून फडके फिरवून ती गोळा करण्याची रीत जुनी आहे. मुलांना या आंबट चवीची ओळख कोणी पाठ म्हणून करून दिलेली नव्हती. त्यांनी पीक उगवताना पाहिले होते, शेंडा स्वतः खुडला होता, सोबतीला मित्र होते आणि "खा" म्हणणारे कोणी नव्हते. आज शेतात शिरण्याआधी फवारणी झाली आहे का, हे मालकाला विचारून आणि पाला धुऊन घ्यावा लागेल, एवढेच. बाकी जे त्या बांधावर आपोआप घडले, ते शाळेच्या व्हरांड्यात घडवून आणणे आपल्या हाती आहे.