खाडीपलीकडील पोटगीचा हुकूम

कुलाब्याच्या, म्हणजे इ. स. १९८१ पासून रायगड म्हणविणाऱ्या जिल्ह्याच्या, किनाऱ्याचा इतिहास लिहितांना किल्ले, आरमार व तह यांचा विचार पुष्कळ होतो. राज्यसीमेचा भार सामान्य कुटुंबावर कसा पडे, हें मात्र क्वचितच पाहिलें जातें. बालकाच्या पोटगीचा प्रश्न या दृष्टीनें उद्बोधक आहे.

‘भर्ता’ हा शब्द पोसणें या अर्थाच्या ‘भृ’ धातूपासून निघाला. धर्मशास्त्रानें अपत्यास पोष्यवर्गांत गणिलें आहे. हें कर्तव्य पुरुषाबरोबर सर्वत्र जातें. न्यायासनाचा हुकूम सीमेशीं थांबतो.

इ. स. १८९८ च्या फौजदारी व्यवहारसंहितेच्या ४८८ व्या कलमान्वयें मॅजिस्ट्रेट पोटगी ठरवी. तिची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये होती; ती १९२३ सालीं १०० झाली. परिस्थिति पालटल्यास या मर्यादेंत फेरफार करण्याचा मार्ग ४८९ व्या कलमांत होता. ४९० व्या कलमान्वयें हुकुमाची नक्कल विनामूल्य मिळे व बाप जेथें असेल तेथील मॅजिस्ट्रेट तो बजावी. त्यानें पाहावयाच्या गोष्टी दोनच: पक्षकार तेच आहेत काय, आणि रक्कम थकली आहे काय. रक्कम पुरेशी कीं अपुरी, हा विचार त्याजकडे नव्हता.

शिवाय ‘जेथें असेल तेथें’ याचा अर्थ ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच. कुंडलिकेच्या खाडीच्या उत्तरेस रेवदंडा ब्रिटिश मुलखांत. दक्षिणेस बाणकोटच्या खाडीपर्यंत जंजिरा संस्थान. अर्थात् अलिबागेचा हुकूम मुरुडास गेलेल्या बापावर या कलमाच्या बळावर बजावतां येत नसे. नवल असें कीं, १९२१ च्या कायद्यानें समुद्रापलीकडील बादशाही मुलखांशीं परस्पर व्यवस्थेची सोय केली होती. इकडे तात्पुरता हुकूम व्हावा, तिकडे बापाचें म्हणणें ऐकून तो कायम व्हावा, अशी ती रीत. देशी संस्थानें तींत येत नव्हतीं. दूरच्या वसाहतीस वाट, खाडीपलीकडे भिंत!

१९४८ सालीं जंजिऱ्याच्या विलीनीकरणानें ही सीमा लोपली. १९७३ च्या संहितेनें पत्नी राहते त्या जिल्ह्यांतही अर्जाची मुभा दिली. २००१ सालीं रकमेची कमाल मर्यादाही गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत फेरफार १४६ व्या व बजावणी १४७ व्या कलमांत आहे. ती जुनी विभागणी कायम राहिली.

मूल वाढतें, तसा त्याचा खर्चही वाढतो. हुकूम बापापर्यंत पोंचणें आणि तो मुलाच्या गरजेप्रमाणें पालटणें, या दोन निराळ्या गोष्टी होत. म्हणून या किनाऱ्यावरील पोटगीचे जुने कागद वाचतांना रकमेआधीं बाप कोणत्या तीरावर होता, हें पाहावें.