नगर-बीड सरहद्दीवरील एक बंड

उमापुराहून शेवगांवकडे निघालें कीं वाटेंत जिल्हा बदलतो. १८५७ सालीं येथें राज्य बदलत असे: अलीकडे निजामाचें बीड, पलीकडे इंग्रजांचें नगर.

१८३७ मध्यें कॅनडांतील बंडाचा पुढारी मॅकेन्झी अशीच सरहद्द ओलांडून अमेरिकेंत गेला. तेथील लोकांनीं त्यास माणसें व शस्त्रें दिलीं. भागोजी नाईकास असा शेजार लाभला नाहीं.

भागोजी हा नगरच्या पोलिसांत चाकरी केलेला भिल्ल. १८५५ सालीं त्यास दंग्याबद्दल शिक्षा झाली. सुटल्यावर सरकारनें चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. तुरुंगांतून आलेल्या भिल्लास जामीन राहणार कोण? तो नांदूर-शिंगोट्याच्या डोंगरांत शिरला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजीं त्यास धरावयास गेलेला लेफ्टनंट हेन्री तेथेंच पडला.

बंडाची धग निजामाच्या सरहद्दीवरील भिल्लांपर्यंत गेली. पण हैदराबादेस सालारजंग इंग्रजांच्या पक्षाचा, त्यामुळें रेषेपलीकडेहि अभय नव्हतें. इकडे इंग्रजांनीं डोंगरवाटा जाणणाऱ्या कोळ्यांचीच पलटण उभारली. मला ही युक्ति तोफांहून घातक वाटते. १८५९ मध्यें भागोजीचा मुलगा यशवंत मारला गेला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सिन्नर तालुक्यांतील मिठसागरे येथें सूटरच्या तुकडीशीं लढतांना भागोजीहि पडला.